प्रवाळाच्या वासावर जगणारी बिनशंखाची गोगलगाय

सोयाबीन कोवळं असताना शंखी गोगलगायी शेतात उतरल्या की काय होतं, हे लातूर-बीडकडच्या शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. सोयाबीन संपलं की भाजीपाला, भाजीपाला नसला तर पपई. समोर येईल ते फस्त करायचं, हा तिचा खाक्या. तिची एक दूरची भाऊबंद उष्ण समुद्रात राहते आणि तिचं वागणं नेमकं उलटं आहे. ती जिवंत प्रवाळ खाते, आणि तेही कुठलंही चालत नाही. ठरावीक प्रवाळच लागतं. ते नाही मिळालं तर ती उपाशी मरते असं नव्हे, ती मोठीच होत नाही. अंड्यातून निघालेलं पिल्लू त्या एका प्रवाळाचा वास येईपर्यंत पिल्लूच राहतं.

या गोगलगायीचं शास्त्रीय नाव फेस्टिला. ही एक प्रजाती असून तिच्यात अनेक जाती आहेत. सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो फेस्टिला सिबोगी हिचा, कारण ती हवाई बेटांवर सापडते आणि होनोलुलुच्या केवालो सागरी प्रयोगशाळेत मायकेल हॅडफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशकं तिच्या पिढ्यान् पिढ्या वाढवल्या. काही अभ्यासक तिला फेस्टिला लुगुब्रिस याच जातीत धरतात. हा वाद आपण त्यांच्यावरच सोडू. दोन्ही नावं मात्र एकाच माणसाने ठेवलेली आहेत: रुडॉल्फ बर्ग. हा कोपनहेगनचा डॉक्टर, गुप्तरोगांचा तज्ज्ञ, आणि उरलेल्या वेळात जगभरातून आलेल्या समुद्री गोगलगायींची चिरफाड करून त्यांना नावं देणारा. 'सिबोगा' हे डच जहाज १८९९-१९०० मध्ये आजच्या इंडोनेशियाच्या समुद्रात फिरून जे नमुने घेऊन आलं त्यावरून १९०५ साली त्याने 'सिबोगी' हे नाव दिलं.

आधी ती खाते काय ते पाहू. प्रवाळ लांबून दगडासारखं दिसतं, पण ती प्राण्यांची वसाहत असते. हजारो छोटे जीव, म्हणजे पॉलिप, एकमेकांना चिकटून राहतात आणि स्वतःखाली चुन्याचा सांगाडा रचत जातात. जिवंत भाग म्हणजे त्या सांगाड्यावरचा काही मिलिमीटर जाडीचा थर. त्या थरात एकपेशीय शैवाल राहतं, ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. प्रवाळाचा तपकिरी-हिरवट रंग बहुतेक वेळा या शैवालाचाच असतो. शिवाय पॉलिपच्या शुंडकांवर डंखपेशी असतात. स्पर्श झाला की त्यांच्यातून विषारी सुई सुटते. जेलिफिशचा चटका ज्याने खाल्लाय त्याला ही यंत्रणा माहीत आहे.

म्हणजे खायला पातळसा थर, खाली दगड आणि वर डंख. त्यामुळे प्रवाळ खाणारे प्राणी फार नाहीत. पोपटमासे चोचीने दगडासकट ओरबाडतात, फुलपाखरू मासे एकेक पॉलिप टिपतात, काटेरी मुकुटासारखा दिसणारा तारामासा पोट बाहेर काढून थेट प्रवाळावरच पचन सुरू करतो. समुद्री गोगलगायींच्या हजारो जाती आहेत, पण कठीण प्रवाळावर जगण्याचं धाडस त्यातल्या मोजक्याच करतात.

फेस्टिला सिबोगीची निवड पोराइटिस नावाचं प्रवाळ. उष्ण समुद्रात सगळीकडे आढळणारं. याच्या काही जातींचे भलेमोठे गोल धोंडे बनतात. वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढ, आणि काही वसाहती कित्येक शतकं जिवंत. त्यावर राहणाऱ्या गोगलगायीचं आयुष्य काही महिन्यांचं. तिच्या पिढ्यांच्या पिढ्या एकाच धोंड्यावर होऊन जाऊ शकतात. लंगडं वाटणारं हे एकनिष्ठपण त्यामुळे फारसं अडत नाही. पोराइटिस तसं चिवट प्रवाळ आहे, तापमान वाढून आजूबाजूचं नाजूक, फांद्यांचं प्रवाळ मेलं तरी धोंडेवजा पोराइटिस बऱ्याचदा तग धरून राहतं.

पूर्ण वाढलेली फेस्टिला तीन-चार सेंटिमीटरची. शंख नाही. पाठीवर दोन्ही बाजूंनी बोटांसारख्या उंचवट्यांच्या रांगा. हे उंचवटे म्हणजे निव्वळ नक्षी नव्हे. तिच्या पचनग्रंथीच्या शाखा या प्रत्येक बोटात शिरलेल्या असतात, म्हणजे आतडं जणू पाठीवर पसरलेलं असतं, आणि कातडी पातळ असल्याने खाल्लेलं बाहेरून दिसतं.

इथे एक गंमत आहे. अशी पाठीवर बोटं असणाऱ्या बहुतेक समुद्री गोगलगायी चोऱ्या करतात. त्या डंखवाले प्राणी खातात, डंखपेशी न फुटू देता पचनमार्गातून पुढे सरकवतात आणि पाठीवरच्या बोटांच्या टोकाशी असलेल्या पिशव्यांत साठवतात. मग एखाद्या माशाने तोंड मारलं की चोरलेला डंख त्यालाच बसतो. समुद्रातल्या सुरस कथांमध्ये ही कथा नेहमी सांगितली जाते आणि ती खरीही आहे. पण फेस्टिला डंखांनी भरलेलं प्रवाळ आयुष्यभर खाऊनही हे करत नाही. तिच्याकडे त्या पिशव्याच नाहीत. डंख पचून जातात, हत्यार हाती येत नाही.

मग बचाव कसा? लपून. दिवसा ती प्रवाळाच्या बुडाशी, फटीत, खालच्या बाजूला बसते आणि मुख्यतः रात्री खायला निघते. रंगरूप असं की पोराइटिसच्या खडबडीत पृष्ठभागावर ती समोर असूनही दिसत नाही. हा रंग बराचसा जेवणातून येतो. फेस्टिला मेलानोब्राकिया या तिच्या बहिणीत हे अगदी उघड दिसतं. ती ट्युबॅस्ट्रिया गटाचं प्रवाळ खाते, ज्याच्यात शैवाल नसतं पण रंग भडक असतो. नारिंगी प्रवाळावरची गोगलगाय नारिंगी, काळपट हिरव्या प्रवाळावरची काळपट. वेगळी जात वाटावी इतका फरक, पण कारण फक्त ताटातलं.

फेस्टिला खाऊन गेली की मागे पांढरा डाग राहतो. मांस गेलेलं, नागडा सांगाडा उरलेला. डाग लहान असला तर कडेचं जिवंत प्रवाळ हळूहळू तो भरून काढतं. मोठा असला तर त्याआधी शैवालाची लव बसते. पूर्व ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ टर्बिनारिया प्रवाळावर राहणाऱ्या एका फेस्टिलाबद्दल २००६ साली अभ्यासकांनी नोंदवलं की तिने खाल्लेल्या जागेपासून पुढे मांस मरत जाणं चालूच राहतं. म्हणजे काही वेळा नुकसान जेवढं खाल्लं तेवढ्यावर थांबत नाही.

अंड्यापासून उतरण्यापर्यंत

मला विचाराल तर फेस्टिलाचं प्रवाळ खाणं हा तिच्या गोष्टीतला दुय्यम भाग आहे. खरी कमाल आहे ती तिच्या पिल्लाची.

प्रत्येक फेस्टिला नरही असते आणि मादीही. दोघी भेटल्या की दोघीही अंडी घालू शकतात. पांढरट, जेलीसारखी पट्टी गुंडाळी करून प्रवाळाजवळ चिकटवलेली असते, आणि एका गुंडाळीत हजारो अंडी. अंडी घालणं सतत चालू असतं. हवाईच्या पाण्याच्या तापमानाला आठवडाभराच्या आत-बाहेर ती फुटतात. त्यातून निघणारा डिंभक, म्हणजे तिचं पोहणारं पिल्लू, सुमारे पाव मिलिमीटरचा. त्याला चक्क शंख असतो! मोठेपणी जो टाकून द्यायचा तो शंख लहानपणी असतो. तोंडाशी दोन पाळ्या, त्यांच्या कडेला सूक्ष्म केस. ते केस वल्हवत तो पोहतो.

पहिले तीन-चार दिवस त्याला प्रवाळाचं काही घेणंदेणं नसतं. प्रवाळाच्या शेजारी ठेवला तरी तो पोहतच राहतो. नंतर मात्र तो तयार होतो, म्हणजे पोराइटिसमधून पाण्यात झिरपणाऱ्या एका लहानशा, पाण्यात विरघळणाऱ्या रेणूला प्रतिसाद देऊ लागतो. हॅडफील्ड यांच्या प्रयोगशाळेत दिसलं की प्रत्यक्ष प्रवाळाची गरजच नाही. ज्या पाण्यात पोराइटिस ठेवलं होतं ते नुसतं पाणी ओतलं तरी पुरतं. डिंभक तळाशी बसतो, पोहण्याच्या पाळ्या गळतात, शरीर शंखातून बाहेर सरकतं, शंख मागे राहतो. साधारण एका दिवसात पोहणारा शंखवाला जीव सरपटणारी बिनशंखाची गोगलगाय होतो आणि पुढचं आयुष्य त्याच प्रवाळावर काढतो.

हा वास कळतो कुठे? डिंभकाच्या डोक्यावर मोजक्या चेतापेशींचा एक छोटा अवयव असतो. २००० साली हॅडफील्ड आणि सहकाऱ्यांनी त्या पेशींना आधी रंगद्रव्य शोषू दिलं आणि मग प्रकाशाच्या झोताने फक्त तेवढ्याच पेशी निकामी केल्या. बाकी डिंभक धडधाकट. प्रवाळाचं पाणी दिलं तर हे डिंभक काही बदलले नाहीत. नाक गेलं आणि मोठं होणंही थांबलं.

आता अडचण लक्षात घ्या. डिंभक सेकंदाला एक-दोन मिलिमीटर पोहतो. त्याच्याभोवतीचं लाटांचं पाणी सेकंदाला कित्येक सेंटिमीटर मागेपुढे हेलकावत असतं. त्याने कितीही जोर लावला तरी 'वास येतोय त्या दिशेने' जाणं त्याच्या हातात नाही. शिवाय वास काही सरळ रेषेत दाट होत जात नाही. पंखा चालू असलेल्या खोलीत उदबत्तीचा धूर जसा तुटक धाग्यांनी फिरतो, इथे आहे आणि बोटभर अंतरावर नाही, तसा प्रवाळाचा वास लाटांच्या घुसळणीत धाग्याधाग्यांनी वर येतो. डिंभक या धाग्यांतून आत-बाहेर होत राहतो.

हे कोडं सोडवायला हॅडफील्ड यांना साथ मिळाली मिमी कोल यांची. पाण्याच्या प्रवाहात प्राणी कसे हालतात हा त्यांचा विषय, आणि विद्यापीठ कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचं. हवाईच्या कानेओहे उपसागरातल्या प्रवाळावरून लाटा कशा जातात ते मोजलं गेलं. पोराइटिसचे सांगाडे मांडून प्रयोगशाळेतल्या लाटांच्या टाकीत तसंच पाणी हलवलं, त्यात चमकणारा रंग सोडला आणि लेसरच्या प्रकाशात धागे कसे उठतात ते टिपलं. दुसरीकडे एकेका डिंभकाला जागच्या जागी धरून त्याच्यावरून वासाचे बारीक धागे सोडले आणि चित्रण केलं.

उत्तर भलतंच सोपं निघालं. धागा अंगावर आला की डिंभक क्षणात पाळ्या आत ओढतो आणि पोहणं थांबवतो. पोहणं थांबलं की शंखाच्या वजनाने तो खाली जातो. धाग्यातून बाहेर पडला की थोड्या वेळात पुन्हा पोहू लागतो. बस्स, एवढंच. दिशा शोधायची नाही, अंदाज बांधायचा नाही. वास आहे तोवर बुडायचं, वास नाही तेव्हा पोहायचं. प्रवाळाच्या जितकं जवळ तितके धागे जास्त, म्हणून बुडणं जास्त, आणि शेवटी तो फांद्यांच्या मधल्या संथ पाण्यात जाऊन पोचतो. तिथे वास कायमचाच असतो. त्या वासानेच त्याचं अंग अधिक चिकट होतं, त्यामुळे लाटेने धुऊन निघण्याआधी तो धरून बसू शकतो.

समुद्रातले बहुतेक स्थिर प्राणी, शिंपल्यापासून प्रवाळापर्यंत, अशाच पोहणाऱ्या पिल्लांतून सुरू होतात. त्यांना जागा कशी सापडते हा जुना प्रश्न आहे. फेस्टिला त्यासाठी उत्तम नमुना ठरली, कारण तिला नेमकं काय हवंय ते ठाऊक आहे आणि ते बाटलीत भरून देता येतं.

आणि प्रवाळ सापडलंच नाही तर? तर तो थांबतो. कित्येक आठवडे डिंभक म्हणूनच तरंगत राहू शकतो. १९९० साली स्टीफन मिलर आणि हॅडफील्ड यांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं की ही वाट पाहण्याची मुदत वयात धरलीच जात नाही. लगेच उतरलेली आणि ताटकळून उशिरा उतरलेली गोगलगाय उतरल्यानंतर सारखंच जगते. म्हातारपणाचं घड्याळ प्रवाळाच्या वासानंतर सुरू होतं.

यजमान बदलला की जात बदलते

ज्या जिवाचं बालपण, जेवण, लपणं आणि जोडीदार भेटणं हे सगळं एकाच प्रवाळावर होतं, त्याच्या पिल्लांनी चुकून दुसरं प्रवाळ पसंत केलं तर ती मंडळी आपोआप वेगळी पडतात. त्यांना मधे डोंगर किंवा समुद्र नको, शेजारचं वेगळं प्रवाळ पुरतं. २००३ साली ग्वाम बेटावर चार प्रकारच्या फेस्टिला तपासल्या गेल्या, तेव्हा प्रत्येकीची यादी वेगळी निघाली. एकीला पोराइटिसच्या बऱ्याच जाती चालतात, दुसरीला त्यातल्या थोड्याच, तर आणखी एकीला गोनिओपोरा नावाचं प्रवाळच हवं. २००७ साली अनुश्का फाउची, रॉबर्ट टूनन आणि हॅडफील्ड यांनी जनुकं पडताळून दाखवलं की फेस्टिलात नव्या जाती होण्यामागे यजमान, म्हणजे ती ज्यावर राहते-खाते ते प्रवाळ, बदलण्याचा हात आहे.

त्यानंतर नव्या फेस्टिलांची रांगच लागली. थायलंडमध्ये आणि हाँगकाँगमध्ये पावोना नावाच्या प्रवाळावर दोन वेगळ्या जाती मिळाल्या, हाँगकाँगमध्येच गोनिओपोरा खाणारी आणखी एक. या शोधांची रीत एव्हाना ठरून गेल्यासारखी वाटते: प्रवाळ निवडा, त्याची खालची बाजू नीट पाहा.

काचेच्या पेटीतला उपद्रव

घरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवून त्यात प्रवाळ वाढवण्याचा छंद अमेरिका, युरोप आणि पूर्व आशियात मोठा आहे. या छंदवाल्यांना एका फेस्टिलाने कित्येक वर्षं हैराण केलं. मॉन्टिपोरा नावाचं प्रवाळ आणलं की काही आठवड्यांत त्याच्या कडा पांढऱ्या पडायच्या, आणि खाली बघावं तर पांढुरक्या बारक्या गोगलगायी. औषधी पाण्यात बुडवून गोगलगायी मरतात, पण अंडी जेलीत सुरक्षित राहतात आणि काही दिवसांनी पुन्हा तेच. गंमत म्हणजे ही जगभर पसरलेली जात शास्त्रात नोंदवली गेली ती २०२० साली, आणि तीही टाकीतून: फेस्टिला सबोडिओसा. (भारतात ही डोकेदुखी कायदेशीर मार्गाने येऊ शकत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात सगळी कठीण प्रवाळं पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे ती घरात ठेवणं, विकणं हा गुन्हा आहे.)

टाकीत ती एवढी माजते, तर समुद्रातली प्रवाळं अजून शिल्लक कशी? हा प्रश्न हवाईत डेबोरा गॉकफेल्ड आणि ग्रेटा एबी यांनी घेतला आणि १९९७ साली उत्तर छापलं. तिथले मासे, खेकडे, कोळंबीवर्गीय प्राणी फेस्टिला दिसली की खाऊन टाकतात. म्हणून पोराइटिसने भरलेल्या समुद्रातही ती शोधून सापडत नाही. प्रयोगशाळेत वाहत्या समुद्राच्या पाण्याबरोबर एखादा डिंभक आत आला आणि टाकीत मासा नसला की तीच गोगलगाय प्रवाळ साफ करून टाकते.

मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो, कारण 'प्रवाळ खाणारी' म्हटलं की लगेच तिला खलनायक ठरवण्याची घाई होते. तिच्या भुकेत दोन्हीकडे काडीचाही फरक नाही, फरक आहे तो शेजाऱ्यांचा. एकेक प्रवाळ तपासत फिरणारे बारके मासे बेसुमार मासेमारीने किंवा छंदाच्या बाजारासाठी उपसले गेले, तर एरवी दिसतही नसलेला हा जीव डोकं वर काढू शकतो. शेतातल्या किडीचं गणित ज्याला कळतं त्याला हे समजायला वेळ लागू नये.

आपल्याकडे मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे, हे स्नॉर्केलिंग करून आलेल्यांना माहीत असतं. तिथल्या यादीत पोराइटिस, गोनिओपोरा आणि टर्बिनारिया ही तिन्ही नावं आहेत, म्हणजे वेगवेगळ्या फेस्टिलांची ताटं मांडलेली आहेत. पाण्याखाली पांढरं प्रवाळ दिसलं की 'ब्लीचिंग झालंय' असं म्हणण्याची आता सवय झाली आहे, आणि उष्ण वर्षांत ते बहुधा खरंही असतं. पण फरक डोळ्याने ओळखता येतो. ब्लीचिंगमध्ये शैवाल गेलेलं असतं, मांस जागेवर असतं. पारदर्शक पॉलिप जवळून दिसतात आणि पांढरेपणा बहुधा वरच्या, उन्हाच्या बाजूला जास्त असतो. कुणीतरी खाल्लेल्या डागात पॉलिप नसतातच, नुसता सांगाडा असतो, कड स्पष्ट कापल्यासारखी असते. असा डाग बुडाकडे किंवा सावलीच्या बाजूला असेल आणि शेजारी पांढरट जेलीची गुंडाळी चिकटलेली असेल, तर हात न लावता, काहीही न उलटवता जवळून एक फोटो काढावा, आणि जमलं तर तिथेच रात्रीचाही एक.